पिशवी काढायच्या दिवशीच ताप आला

ताप येणार हे मला वासावरून कळायचं. दुपार कलली की पाठीचा कणा दुखायला लागायचा, मग थंडी वाजायची, मग अंग भाजायचं आणि शेवटी घाम सुटायचा. घाम म्हणजे काय, पोलकं पिळून घ्यावं एवढा. त्या घामाला पावसात भिजून कुजायला लागलेल्या कडब्यासारखा वास होता, आणि परत ताप यायचा असला की तोच वास आधी नाकात यायचा. माझी मलाच किळस यायची. नवरा बिचारा काही बोलायचा नाही, पण गोधडी उचलून जरा पलीकडं सरकायचा. मला कळत होतं ते.

आठेक दिवस ताप राहायचा, मग जरा बरं वाटायचं, मग परत तेच. बरं वाटलं की मी कामाला लागायचे आणि बघणाऱ्या बाया म्हणायच्या, बघा, कालपर्यंत कण्हत होती, आज खडखडीत. नाटकं करती. तापाला पण लाज नव्हती, चारचौघांत मला खोटं पाडायचा.

माझं नाव शोभा. नांदूरघाटच्या अलीकडं आमची वस्ती आहे. आम्ही धनगर. मेंढरं आहेत, दुधापुरत्या शेळ्या आहेत. दिवाळी झाली की कळप घेऊन चाऱ्यामागं निघायचं, लोकांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडाला घरी यायचं. मी बारावी झालेय, त्यामुळं लिहिताना शाळेतलं लिहिते आणि भांडताना घरचं बोलते. हे लिहितेय ते माझ्यासारखी एखादी ताप अंगावर काढत बसली असेल तर तिच्यासाठी. नवऱ्याचं नाव दत्ता. तोंडावर मी त्यांना नावानं हाक मारत नाही, कागदावर चालतंय.

दोनदा

माझी दोन बाळंतपणं अर्ध्यातच सरली. पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसरं पाचव्यात, ते पण घरी नाही, परमुलखात, एका माणसाच्या शेतात. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दोन लुगडी बांधून आडोसा केला. पुढं काय झालं ते मी लिहिणार नाही. मला ते कुणी विचारलं तर मी त्या माणसाचं तोंड धरते.

लोकांच्या सासवा अशा वेळी पांढऱ्या पायाची म्हणतात. आमच्या आत्याबाई तसलं कधी बोलल्या नाहीत. नारायणगडाला नारळ बोलल्या आणि रोज सकाळी शेळीची धार काढून कोमटच्या कोमट दूध माझ्या हातात द्यायला लागल्या. फेस पण मोडलेला नसायचा. मी एकदा म्हणलं, जरा उकळून घेते, पोटात मळमळतंय. तर हात धरला.

"उकळलेलं दूध मेलेलं असतंय, पोरी. हे जितं हाय. रक्त गेलंय तुझं, पी."

वस्तीवरच्या बाया म्हणायच्या, नशीब काढलंस, असली सासू कुणाला मिळती. खरंच होतं ते. पहिल्या खेपेला पाजलं, दुसऱ्या खेपेला पण पाजलं.

त्याच काळात आमच्या मेंढ्या पण लई गाभडत होत्या. सकाळी उठावं तर कुठंतरी अर्धं कच्चं कोकरू पडलेलं. माझा हात लहान, त्यामुळं अडलेली मेंढी असो की वार अडकलेली असो, सगळे मलाच हाक मारायचे. कोपरापर्यंत हात घालायचा, हळूहळू ओढून काढायचं, पदराला हात पुसायचा आणि भाकरी खायला बसायचं. ह्यात काही वेगळं करतोय असं वाटतच नव्हतं. माझ्या आईनं तेच केलं, तिच्या आईनं तेच केलं.

आत्याबाई म्हणाल्या, "मेंढरांचं बी पडतंय, तुझं बी पडतंय. कुणाची तरी नदर लागली आपल्या कळपाला."

मी मनात म्हणलं, झालं, आता मी आणि मेंढी एकाच मापाची.

उभ्या उभ्या

आमच्याकडं डॉक्टर बसून बघत नाहीत. ते उभे, आपण उभे, आणि सुई तयारच. एकानं टायफॉइड म्हणून सलाइन लावलं. दुसऱ्यानं अंगात रक्त नाही म्हणून लावलं. तिसऱ्यानं विचारलं, टेन्शन घेता का?

"टेन्शन न्हाई, ताप घेते," मी म्हणलं.

त्याला ते आवडलं नाही. दत्ता मला बाहेर आल्यावर म्हणाले, "तुझी जीभ आवर. सुई त्यांच्या हातात हाय."

एका ठिकाणी आम्ही बाकावर बसलो होतो. आतून आवाज आला, "त्यांना जरा लांब बसवा, मेंढरांचा वास येतोय." आम्ही उठून दारात जाऊन बसलो. आत्याबाईंनी पदर नाकाशी नेऊन स्वतःचाच वास घेतला आणि माझ्याकडं बघून हसल्या. मला हसू आलं नाही. अजून येत नाही.

काढून टाका

मग रस्त्यावरच्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यात गेलो. नाव लिहीत नाही. सोनोग्राफी झाली. डॉक्टर दत्ताशी बोलले. मी तिथंच खुर्चीत बसले होते, पण बोलणं माझ्या डोक्यावरून चाललं होतं.

"पिशवीला सूज आहे. दोन गेलीच आहेत. ताप ह्याच्यातूनच येतोय. ठेवली तर उद्या कॅन्सर होईल. काढून टाका, बाई मोकळी होईल."

माझं वय सव्वीस. घरात पाळणा बांधलेला नाही. मी म्हणलं, "डॉक्टर, मला अजून मूल न्हाई."

"ह्या पिशवीत राहणार पण नाही," ते म्हणाले आणि पुढच्या बाईला हाक मारली.

एरवी मी शब्द खाली पडू देत नाही. त्या दिवशी नुसती उठून चालायला लागले. बाहेर आले तर पायात चप्पल नव्हती, ती आतच राहिली होती. दत्ता परत जाऊन घेऊन आले. चप्पल माझ्या पायाशी ठेवली आणि तिथंच खाली बसून राहिले.

घरी गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "माझी काढलीच की. तुझ्याएवढीच असंल मी. एवढं काय त्यात? चालती-फिरती हाय ना मी?"

आमच्या वस्तीवर पिशवी काढल्याचं असं सांगतात जसं कुणी दाढ काढल्याचं सांगावं. हिची काढली, तिची काढली, तिच्या जावेची काढली. पाठ दुखती, काढा. अंगावरून जातंय, काढा. लहानपणापासून मी ते ऐकत आले होते, पण आपल्यावर येईपर्यंत कानाला टोचलं नव्हतं.

दत्ताशी मी भांडले.

"मला इचारलं का कुणी?"

"तू मरशील त्यापरीस पोर नको मला."

"मी कावून मरते? तापानं कुणी मरतंय का?"

"डॉक्टर हायेत ते, शोभा. आपुन मेंढरं राखणारी माणसं. आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

ह्या वाक्यापुढं आमच्या घरात कुणाला बोलता येत नाही. मी दोन दिवस तोंड फुगवून बसले, तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि मी हो म्हणलं. तापानं पिळून काढलेलं माणूस कशालाही हो म्हणतं. माझी चूक म्हणून सांगत नाही, तसं होतं म्हणून सांगते.

ऑपरेशनच्या दिवशी मला हिरवा झगा घातला. बांगड्या उतरवून आत्याबाईंच्या हातात दिल्या. नखांची लाली खरवडून काढली. चाकाच्या गाडीवर झोपवलं. आणि मला तो वास आला. कडब्याचा. पाठ दुखायला लागली, दात वाजायला लागले. भुलीचे डॉक्टर बाहेरून आले होते, त्यांनी हात लावून बघितलं आणि म्हणाले, एवढ्या तापात मी भूल देणार नाही. दोघा डॉक्टरांची माझ्या अंगावरून बाचाबाची झाली. भुलीचे डॉक्टर हटले नाहीत.

"सरकारीत टाका चार दिवस," आमचे डॉक्टर दत्ताला म्हणाले. "ताप उतरला की घेऊन या, लगेच करून टाकू."

ज्या तापानं माझा जीव खाल्ला होता, त्यानंच पिशवी वाचवली. त्या दुपारी ताप यायला दोन तास उशीर झाला असता तर पुढचं काही लिहायलाच नको होतं.

अंबाजोगाईत

सरकारी दवाखान्यात कोपऱ्यातली खाट मिळाली. सकाळी झाडूवाली यायची, मग सिस्टर ताप बघायची, मग डॉक्टरांचा घोळका. शेजारच्या खाटेवर परळीकडची एक मावशी होती. तिचा घरून डबा यायचा, त्यातलं निम्मं पिठलं ती न विचारता आत्याबाईंच्या ताटात वाढायची. आत्याबाई नको म्हणायच्या, ती ऐकायची नाही. जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. मला त्या पिठल्याची चव अजून आठवते.

घोळका गेल्यावर त्यातली एक डॉक्टरीण परत आली. पोरसवदाच होती. खाटेच्या कडेवर बसली. बसली, हे मी मुद्दाम लिहितेय.

"काय काम करता तुम्ही?"

"मेंढरं हायेत."

"यंदा किती गाभडल्या?"

मला वाटलं, बाईंचा कागद बदलला. मी म्हणलं, "मॅडम, मी माझ्यासाठी आलेय, मेंढरांसाठी न्हाई."

"माहितीय. सांगा तर खरं."

"लई गाभडल्या."

"मग वार कोण ओढतं?"

"मीच."

"हातात काही घालता का त्या वेळी?"

"बांगड्या."

त्या हसल्या नाहीत. दुधाचं विचारलं. तेवढ्यात आत्याबाई पुढं सरकल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "दुधाला काय कमी न्हाई बाई हिला. दोन्ही खेपेला मीच पाजलं, धारंचं. उकळू दिलं न्हाई."

मॅडमनी आत्याबाईंच्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि सिस्टरला रक्त काढायला सांगितलं.

रिपोर्ट आला तेव्हा आत्याबाई खाली कपडे धुवायला गेलत्या. मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं, ब्रुसेलोसिस. जनावरांत असतो. गाभडलेल्या मेंढीच्या वारेतून हाताला लागतो, कच्च्या दुधातून पोटात जातो. माणसाला ताप येतो, पाठ धरते, कधीकधी पोटातलं मूल पडतं.

"म्हणजे मेंढ्यांचं पडलं ते आणि माझं पडलं ते..."

"एकच असू शकतं. शंभर टक्के नाही सांगता येणार. पण असू शकतं."

माझ्या कानात नुसती शिट्टी वाजत होती. आधी मला राग आला, कुणाचा ते कळेना. मग दूध आठवलं. मी मॅडमचा हात धरला आणि म्हणलं, दुधाचं आमच्या आत्याबाईंना सांगू नका. त्या जीव देतील.

मी त्यांना विचारलं, तुम्हालाच कसं सुचलं हे? त्या म्हणाल्या, माझे वडील जनावरांच्या दवाखान्यात होते, लहानपणी जेवताना घरात हीच बोलणी चालायची. म्हणजे मी वाचले ती दुसऱ्या कुणाच्या तरी वडिलांच्या नोकरीमुळं. त्यांचे वडील शाळामास्तर असते तर मी त्या हिरव्या झग्यात परत गेले असते. ह्याचं मला आजाराहून जास्त भ्याव वाटतं.

आणि वास. दारात बसवलं होतं आम्हाला, मेंढरांचा वास येतो म्हणून. वास सगळ्यांना येत होता. वास येतोय तर मेंढरं असतील, एवढं एकाच्या डोक्यात आलं नाही.

दीड महिना

गोळ्या दीड महिन्याच्या होत्या, एक पण चुकवायची नाही. पहिल्या दिवशी मोरीत गेले आणि लघवी शेंदरी-लाल. मला वाटलं, परत तेच सुरू झालं. भिंतीला धरून ओरडले. सिस्टर पळत आली, बघितलं आणि म्हणाली, "अगं गोळीचा रंग आहे तो. सांगायचं राहिलं." मी तिला अशा शिव्या दिल्या की मावशीनं खाटेवर बसून टाळ्या वाजवल्या. सिस्टरनं मनाला लावून घेतलं नाही. संध्याकाळी माझं डोकं विंचरून दिलं.

घरी आल्यावर नवीनच सुरू झालं. ह्यातली एक गोळी टीबीला पण देतात. वस्तीवर एकीनं पाकीट ओळखलं आणि दोन दिवसांत सगळीकडं झालं, शोभाला टीबी हाय. पाण्याला गेले की हंडे बाजूला सरकायचे. मी काय एकेकीला धरून सांगत बसू? सांगितलं असतं की मेंढरांकडून आलंय, तर आमच्या मेंढरांना कुणी शेतात बसवून घेतलं नसतं. मग पोट कशावर भरायचं? गप्प बसले. जन्मात एवढी गप्प बसले नव्हते.

कळप त्या साली दत्ताचे चुलत भाऊ घेऊन गेले. दत्ता मागं राहिले. रोज गोळी हातावर ठेवायचे आणि मी गिळेपर्यंत समोर उभे.

"इचारलं का मला?" मी म्हणायचे.

"इचारलं. घे आता."

दूध उकळायचं हे घरी दत्तानं सांगितलं. मॅडम म्हणाल्या म्हणून, एवढंच. आत्याबाई चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी उलटं काही विचारलं नाही, दूध चुलीवर ठेवलं. पण त्या काय खुळ्या आहेत? रक्त काढायच्या आधी मॅडमनी कुणाच्या तोंडाकडं बघितलं ते त्यांनी बघितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्याबरोबर जेवायचं बंद केलं. मी ताट घेऊन त्यांच्यापुढं जाऊन बसले.

"मीच पाजलं तुला," त्या म्हणाल्या.

"तुमी मायेनं पाजलं, आत्याबाई."

"इख मायेनं पाजलं तर काय ते अमृत हुतंय?"

मला रडू आलं. त्या रडल्या नाहीत. मी घास त्यांच्या तोंडाशी धरला, त्यांनी तोंड फिरवलं. मग बऱ्याच वेळानं स्वतःच्या हातानं खाल्लं. त्या दिवसानंतर आम्ही परत एका ताटावर बसायला लागलो, पण माझ्या पाठीवर हात ठेवायला त्या अजून कचरतात.

परत तपासणी

गोळ्या संपल्या. ताप गेला, घाम गेला, पाठ अजून कधी कधी धरते. आम्ही अंबाजोगाईला गेलो. मॅडमनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला सांगितलं होतं, म्हणून आत्याबाई पण आल्या होत्या. त्यांच्या रक्तात पण आजाराची खूण निघाली. जुनी असेल, मॅडम म्हणाल्या. मग माझी सोनोग्राफी झाली.

"पिशवी चांगली आहे," मॅडम म्हणाल्या. "काही झालेलं नाही तिला."

"ऑपरेशन?" दत्तानं विचारलं.

"कशाचं? काढायचं काहीच कारण नाही."

"कॅन्सर हुईल म्हणलेते."

"नाही हो. तसलं काही नाही."

दत्ता माझ्याकडं बघायला तयार नव्हते. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला नुसता हिरवा झगा दिसत होता. दिवस राहतील का, पुढं टिकतील का, हे मॅडमनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अजून राहिले नाहीत. राहतील किंवा नाही राहणार, पण जागा माझी माझ्यापाशी आहे.

आम्ही उठलो. आत्याबाई उठल्या नाहीत.

"बाई," त्या म्हणाल्या, "मला बी ह्योच ताप यायचा. ह्योच घाम, ह्योच वास. दत्ता तान्हा व्हता. त्याच्या पाठची दोन पडली. मग म्हणले, पिशवी खराब हाय."

मॅडम परत खाली बसल्या. "कधीचं हे?"

"दत्ता मेंढरांमागं पळायला लागला व्हता."

"तेव्हाचं आता नक्की नाही सांगता येणार, आजी."

"नक्की नगं. असंल का?"

"असू शकतं."

"मंजी काढायची गरज नव्हती?"

मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाल्या, "कदाचित नव्हती. तेव्हा कुणी विचारलं नसेल तुम्हाला, घरी मेंढरं आहेत का म्हणून."

दत्ता जागच्या जागी उभे होते. त्या ऑपरेशनला तीस वर्षं झाली असतील. ह्या बाईनं तीस वर्षं सगळ्यांना सांगितलं होतं, एवढं काय त्यात. मला पण तेच सांगितलं होतं.

आत्याबाईंनी पदर नीट केला. दत्ताकडं बोट केलं, आवाज चढवला नाही.

"ह्याचा बाप कळप घिऊनच आलता माझ्यासंगं," त्या म्हणाल्या. "दुसरं कोण व्हतं राखायला? दवाखान्याच्या म्होरं पडीक व्हतं, तिथं मेंढरं बसवली. मला टेबलावर घेतलं तवा खिडकी उघडी व्हती. सगळी वरडत व्हती. डाक्टर हात धूत व्हता आन् भायेर त्यांच्याकडंच बघत व्हता."

मॅडमनी हातातला रिपोर्ट खाली ठेवला.

"एवढंच इचारायचं व्हतं त्यानं?"